नॅशव्हिल, डॉली आणि माझा राजीनामा

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. ऑनसाइटला आले तेव्हा कंट्री म्युझिक म्हणजे मोठी हॅट, टोकदार बूट आणि नाकातून गाणारे कोणीतरी काका, एवढंच मला ठाऊक होतं. नॅशव्हिलला पोस्टिंग मिळालं तेव्हा पुण्यातल्या मैत्रिणी म्हणाल्या, ‘वॉव, म्युझिक सिटी!’ आम्हा आयटीवाल्यांसाठी मात्र ते हेल्थकेअर क्लायंट्सचं गाव. अमेरिकेतल्या बड्याबड्या हॉस्पिटल कंपन्यांचा इथे अड्डाच आहे. त्यामुळे पहिले चार महिने अपार्टमेंट, ऑफिस, इंडियन ग्रोसरी, परत अपार्टमेंट. गिटार दिसली ती फक्त एअरपोर्टवरच्या दुकानात.

आणि माझ्या मेलच्या ड्राफ्ट्समध्ये एकोणीस दिवस एक राजीनामा पडून होता.

तो का पाठवला जात नव्हता, ते सांगायलाच हवं. त्याशिवाय पुढच्या सगळ्या प्रवासाला काही अर्थ नाही. ज्यांना तो पाठवायचा होता, त्या सरांनी मला कॅम्पसमधून उचललं. क्लायंटशी बोलायचं कसं, ‘नाही’ कसं म्हणायचं, फॉन्ट कोणता वापरायचा, हे सगळं त्यांनी शिकवलं. माझा व्हिसा त्यांनी भांडून करून घेतला. आणि गेली दोन वर्षं माझ्या प्रेझेंटेशन्सवर पहिलं नाव त्यांचं असतं, दुसरं कधीकधी माझं. कॉलवर ते अभिमानाने सांगतात, ‘ही आपली पोरगी.’ पुण्यातल्या एका छोट्या कंपनीची ऑफर हातात होती. पैसे थोडे कमी, पण काम माझं, नाव माझं. तरी ‘डियर सर’च्या पुढे माझं बोट सरकत नव्हतं. वाईट बॉसला सोडणं सोपं असतं हो. चांगल्या बॉसला काय लिहायचं?

माझी रूममेट नागपूरची. तिने एका रात्री माझ्या खांद्यावरून तो ड्राफ्ट वाचला आणि म्हणाली, ‘काय गं, हा राजीनामा आहे का माफीनामा?’ मग शनिवारी सकाळी तिने मला जबरदस्तीने कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेमला नेलं. तिथून बसने म्युझिक रोवरच्या आरसीए स्टुडिओ बीची टूर असते. बाहेरून बघाल तर आपल्याकडच्या एखाद्या इंडस्ट्रियल इस्टेटमधलं गोडाऊन वाटेल. १९५७ मध्ये सुरू झालेली ही खोली. एल्व्हिस प्रेस्लीने इथे दोनशेच्या वर गाणी रेकॉर्ड केली. आवाज सगळ्यात सुंदर कुठे लागतो, ती जागा जमिनीवर फुली मारून दाखवलेली आहे. सगळे त्या फुलीवर उभे राहून फोटो काढतात. आम्हीही काढला.

पण मला आवडली ती बाहेरच्या भिंतीवरची खूण. डॉली पार्टन नावाची एक नवखी गायिका रेकॉर्डिंगला उशीर झाला म्हणून धावतपळत आली आणि तिने गाडी थेट स्टुडिओच्या भिंतीवर घातली. विटांवरचा तो ओरखडा गाइड अजूनही कौतुकाने दाखवतात. मला एकदम ही बाई आपली वाटायला लागली. मी पहिल्या दिवशी क्लायंटच्या पार्किंगमध्ये काय केलं होतं, ते इथे लिहीत नाही.

टूरच्या शेवटी गाइडने सहज सांगितलं, की ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’ याच खोलीत १९७३ मध्ये रेकॉर्ड झालं आणि ते प्रेमगीत नाहीच मुळी. बॉसला सोडून जातानाचं गाणं आहे.

रूममेटने माझ्याकडे पाहिलं. मी फुलीकडे पाहिलं.

आपण सगळ्यांनी हे गाणं व्हिटनी ह्यूस्टनच्या आवाजात ऐकलंय. ‘द बॉडीगार्ड’, १९९२. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये कोणीतरी ते गायचा प्रयत्न करतं आणि वरच्या सुरात आपटतं, तेच. अमेरिकेत ते १४ आठवडे पहिल्या नंबरवर होतं. ते लिहिलं या सोनेरी विगवाल्या, झगमगीत कपड्यांतल्या बाईने, आणि लिहिलं पोर्टर वॅगनर नावाच्या माणसासाठी, हे मला माहीतच नव्हतं. त्या रात्री राजीनामा बाजूला राहिला आणि मी तीन वाजेपर्यंत डॉलीबद्दल वाचत बसले. पुढच्या लाँग वीकएन्डला आम्ही भाड्याची गाडी घेऊन तिच्या गावाला निघालो.

नॅशव्हिलहून पूर्वेला आय-४०. साधारण सव्वातीनशे किलोमीटर. सुरुवातीला सपाट, मग कंबरलँडचं पठार चढायला लागलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऑक्टोबरची झाडं पेटलेली. लाल, केशरी, हळदी. आणि मध्येच फोनवरचं घड्याळ आपोआप एक तास पुढे उडी मारतं. टेनेसी राज्य दोन टाइम झोनमध्ये वाटलेलं आहे. एकाच राज्यात माणसाचा एक तास गायब! (सोमवारी परत येताना तो परत मिळतो, हे लक्षात ठेवा. मला पुढे उपयोगी पडला.) नॉक्सव्हिलला १९८२ च्या वर्ल्ड्स फेअरसाठी बांधलेला सोनेरी गोळा दिसतो, मग एक्झिट ४०७, आणि एकदम बिलबोर्ड्सचा मारा सुरू. पॅनकेक, मिनी गोल्फ, डिनर शो, पुन्हा पॅनकेक.

आता जरा डॉलीची गोष्ट. याच सेव्हियर काउंटीत, स्मोकी पर्वताच्या कुशीत, १९ जानेवारी १९४६ ला ती जन्मली. बारा भावंडांतली चौथी. बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरांना वडिलांनी फी म्हणून मक्याच्या पिठाची पिशवी दिली होती, हे ती स्वतःच हसत सांगते. घर म्हणजे डोंगरातली लाकडी खोपटी. वीज नाही, पाणी नाही. आई जुनी गाणी म्हणायची. स्कॉटलंड, आयर्लंड, इंग्लंडमधून आलेल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली, खून, विरह, बुडून मेलेल्या मुली असली लांबलचक कथागीतं. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचा बॅन्जो त्यात मिसळला. कंट्रीचं मूळ हे. आपल्या आजीला जात्यावर सासरचं दुःख आठवायचं, तसंच काहीसं.

आठव्या वर्षी मामाने गिटार दिली. दहाव्या वर्षी ती नॉक्सव्हिलच्या रेडिओ-टीव्हीवर गात होती. तेराव्या वर्षी, १९५९ मध्ये, ‘ग्रँड ओल ऑप्री’ या कंट्रीच्या पंढरीत ती उभी राहिली. १९६४ मध्ये हायस्कूल संपलं, आणि दुसऱ्याच दिवशी नॅशव्हिलची बस! शहरातल्या पहिल्याच दिवशी लाँड्रीबाहेर कार्ल डीन भेटला. १९६६ मध्ये लग्न. हा माणूस आयुष्यभर कॅमेऱ्यापासून लांब राहिला. २०२५ च्या मार्चमध्ये तो गेला, तेव्हा लग्नाला जवळपास ५९ वर्षं झाली होती. ‘जोलीन’ हे गाणं त्याच्याशी जरा जास्तच गोड बोलणाऱ्या बँकेतल्या एका लाल केसांच्या मुलीवरून सुचलं, आणि नाव मात्र एका छोट्या चाहतीचं घेतलं.

१९६७ मध्ये पोर्टर वॅगनरने तिला आपल्या टीव्ही शोमध्ये घेतलं. चमचमते सूट, सोनेरी केसांचा फुगा, आणि देशभर बघितला जाणारा शो. आधीची गायिका नॉर्मा जीन लोकांची लाडकी होती. सुरुवातीला डॉली स्टेजवर आली की पब्लिक तिच्याच नावाने ओरडायचं. पोर्टर डॉलीच्या पाठीशी उभा राहिला. तिच्याबरोबर द्वंद्वगीतं गायला, तिला रेकॉर्ड कंपनीत घेऊन गेला, लोकांच्या गळी उतरवली. दोघांना १९७० आणि १९७१ अशी लागोपाठ दोन वर्षं सर्वोत्कृष्ट जोडीचं सीएमए अवॉर्ड मिळालं. आपल्या आईने चिंध्या जोडून शिवलेल्या कोटावरचं ‘कोट ऑफ मेनी कलर्स’ तिने पोर्टरच्याच बसमध्ये लिहिलं, कागद नव्हता म्हणून त्याच्या सुटाच्या ड्रायक्लीनिंगच्या पावतीवर. ही पावतीची गोष्ट वाचून मी बराच वेळ गप्प होते. गाणं तिचं, कागद त्याचा.

ठरलं होतं पाच वर्षांचं. ती सात वर्षं राहिली. शेवटी शेवटी रोज भांडणं. ती म्हणायची मला माझं काहीतरी करायचंय, तो म्हणायचा तुला घडवलं कोणी? ती सांगते, की तोंडी बोलून त्याला ऐकूच जाणार नाही हे कळल्यावर तिने घरी जाऊन गाणं लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या ऑफिसात एकटीने गिटारवर गाऊन दाखवलं. पोर्टर रडला. म्हणाला, जा, पण हे गाणं प्रोड्यूस मी करणार. १९७४ मध्ये ती शोमधून बाहेर पडली आणि जूनमध्ये गाणं कंट्री चार्टवर पहिल्या नंबरला. त्याच वर्षी मार्चमध्ये ऑप्रीनेही आपलं जुनं रायमन सभागृह सोडलं होतं आणि जाताना स्टेजच्या लाकडाचा एक गोल कापून नव्या स्टेजवर नेऊन बसवला.

बहुतेक लेख इथेच थांबतात. रडू, मिठी, हॅपी एन्ड. मी पण इथेच थांबणार होते आणि सोमवारी एक हृदयस्पर्शी मेल पाठवणार होते. पण गोष्ट पुढे आहे. १९७९ मध्ये पोर्टरने तिच्यावर ३० लाख डॉलर्सचा दावा ठोकला. तिच्या कमाईत आपला वाटा आहे, असं त्याचं म्हणणं. प्रकरण कोर्टाबाहेर मिटलं, पण मिटेपर्यंत जे व्हायचं ते झालंच. म्हणजे जगातला सगळ्यात सुंदर राजीनामा दिला तरी समोरचा पाच वर्षांनी वकील घेऊन येऊ शकतो. रूममेटला हे वाचून दाखवलं तर ती गाडी चालवता चालवता म्हणाली, ‘मग तू तर गाणं पण नाही लिहीत. साधी मेल टाकून मोकळी हो ना बाई.’

सेव्हियरव्हिलच्या कोर्टासमोर डॉलीचा ब्राँझचा पुतळा आहे. १९८७ चा. मला वाटलं होतं विग, हाय हील्स, सगळा जामानिमा असेल. तर दगडावर बसलेली, अनवाणी, हातात गिटार घेतलेली साधी मुलगी. लोक तिच्या पायाला हात लावून फोटो काढतात. तिचे वडील शेतमजुरी केलेले, लिहिता-वाचता न येणारे. ते म्हणे रात्री गावात कोणी नसताना ट्रकमध्ये साबणाच्या पाण्याचं पिंप आणि झाडू टाकून यायचे आणि पुतळ्यावरची कबुतरांची घाण धुऊन जायचे. हे डॉलीला नंतर कळलं. वडिलांच्या निरक्षरतेवरूनच तिने १९९५ मध्ये याच काउंटीत ‘इमॅजिनेशन लायब्ररी’ सुरू केली. जन्मापासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना दर महिन्याला पोस्टाने एक पुस्तक, फुकट. आता ती पाच देशांत पोचलीये आणि २० कोटींहून जास्त पुस्तकं वाटून झालीयेत. आम्ही पुतळ्यापाशी होतो तेव्हा एक आजोबा रुमालाने तिचा गुडघा पुसत होते. कोण होते कोण जाणे.

जेवणाचं सांगायचं राहिलं. इथे ‘मीट अँड थ्री’ हा प्रकार असतो. एक मांसाचा पदार्थ आणि तीन भाज्या. मी शाकाहारी, म्हणून म्हटलं चार भाज्याच द्या. ‘भाज्यां’च्या यादीत मॅकरोनी चीज! फरसबीत बेकन निघालं ते वेगळंच. शेवटी मॅकरोनी, कॉर्नब्रेड आणि भाजलेला भोपळा खाऊन उठले. टेनेसीत मॅकरोनी झाडाला लागते, असं धरून चाला.

दुसरा दिवस डॉलीवूडचा. पिजन फोर्ज गावातलं हे थीम पार्क. मुळात १९६१ पासून इथे एक छोटी रेल्वे आणि खोटंखोटं काउबॉय गाव होतं. डॉली भागीदार झाली आणि १९८६ मध्ये त्याचं डॉलीवूड झालं. तिकीट शंभर डॉलर्सच्या आसपास, पार्किंगचे वेगळे मोजा. वर्षाला सुमारे ३० लाख लोक येतात. आपल्याला वाटतं गायिकेने स्वतःच्या नावाचं पार्क काढलं म्हणजे केवढा तो अहंकार! पण गावात फिरलात की हिशेब वेगळा दिसतो. ज्या डोंगराळ भागातून तरुण पोरं कामासाठी बाहेर जायची, तिथे आज हजारो लोकांना नोकऱ्या आहेत. २०२२ पासून पार्कच्या कर्मचाऱ्यांना शिकायचं असेल तर कॉलेजची फी कंपनी भरते, अगदी सीझनल कामगारांचीसुद्धा. आणि २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये शेजारच्या गॅटलिनबर्गला वणवा लागला, १४ माणसं गेली, तेव्हा डॉलीच्या संस्थेने घर जळालेल्या प्रत्येक कुटुंबाला सहा महिने दरमहा हजार डॉलर्स दिले. फॉर्म नाही, भाषण नाही. म्हणजे फॉर्म असणार, पण लोक आठवण काढतात ती चेकची.

राइड्स आहेत, भरपूर आहेत, मी भित्री आहे. मी कोळशावरच्या आगगाडीत बसले. खरीखुरी वाफेची इंजिनं. निघताना सांगतात, डोळ्यांत कोळशाचे कण जातील, सांभाळा. गेलेच. मग ग्रिस्ट मिलमधला सिनॅमन ब्रेड. एक पौंडाचा, लोण्याने आणि दालचिनीने थबथबलेला. दोघींत एक घ्यायचा असं ठरलं होतं, दोन घेतले.

आणि मग ती खोपटी. डॉलीच्या लहानपणीच्या घराची हुबेहूब प्रतिकृती. बांधली तिच्या भावाने, आतलं सामान आईने लावलं. (खरं घर डोंगरात आहे, ते बघायला मिळत नाही.) एका दारातून शिरायचं, दुसऱ्यातून बाहेर. भिंतींना वारा लागू नये म्हणून वर्तमानपत्रं चिकटवलेली. एका खोलीत चूल, एकात पलंग, आणि एवढ्यात चौदा माणसं. माझी पुण्यातली वन बीएचके याच्यापेक्षा मोठी आहे. माझ्या पुढे एक बाई होती, पन्नाशीची, पार्कचीच कर्मचारी असावी. ती कोणाला तरी सांगत होती, की आमचंही घर असंच होतं, फक्त पेपर दुसरा होता.

या खोपटीतून गेलेली मुलगी एल्व्हिसला नाही म्हणाली. हा किस्सा माहितीये? ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’ एल्व्हिसला गायचं होतं. सगळं ठरलं. मग त्याचा मॅनेजर कर्नल पार्करने सांगितलं, गाण्याच्या हक्कांतला निम्मा वाटा आमचा. तेव्हा ही पद्धतच होती, भलेभले देत होते. डॉली नाही म्हणाली आणि रात्रभर रडली. अठरा वर्षांनी व्हिटनीने ते गायलं, आणि हक्क सगळे शाबूत! त्या रॉयल्टीतून नॅशव्हिलमधल्या एका कृष्णवर्णीय वस्तीत तिने व्यापारी जागा घेतली, व्हिटनीची आठवण म्हणून, असं तिने २०२१ मध्ये सांगितलं.

मला या सगळ्यात सर्वांत कठीण काय वाटतं? पोर्टरला सोडणं नाही. एल्व्हिसला नाही म्हणणं. सोडताना निदान राग असतो मदतीला.

परतीच्या वाटेवर आम्ही ‘नाइन टू फाइव्ह’ लावलं. १९८० चा सिनेमा, तीन ऑफिसातल्या बायका आणि त्यांचा नालायक बॉस. सेटवर बसल्या बसल्या डॉलीने आपली खोटी नखं एकमेकांवर घासून टाइपरायटरचा आवाज काढला आणि त्यावर चाल बांधली. रेकॉर्डिंगमध्येही ती नखं वाजतात, नीट ऐका. मी लॅपटॉपच्या कव्हरवर वाजवून बघितली. जेलची नखं नव्हती, जमलं नाही.

मग पठारावर घड्याळ एक तास मागे आलं. फुकटचा तास. मी रूममेटला म्हटलं, पुढच्या एक्झिटला थांब. गॅस स्टेशनच्या बाकावर बसून अख्खा ड्राफ्ट डिलीट केला. त्यात सहा परिच्छेद होते आणि ‘कृतज्ञ’ हा शब्द चारदा. नवा लिहिला, पाच ओळींचा. पाठवण्याआधी मात्र फोन केला. पुण्यात मध्यरात्र उलटून गेली होती, तरी सर जागे असणार हे माहीत होतं, रिलीजची रात्र होती.

मी सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मागे कोणीतरी चहा हवा का विचारत होतं.

‘डेकवर नाव नसतं म्हणून का?’ सरांनी विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. ‘हो सर. तेही आहे.’

‘हं.’ परत शांतता. ‘नोटीस पीरियड तीन महिन्यांचा आहे, ठाऊक आहे ना? आणि नॉलेज ट्रान्स्फर तू करणार, दुसरं कोणी नाही.’

‘हो सर.’

‘गाडीत आहेस का? रात्रीची चालवू नका फार. ठेवतो.’

ठेवला. ते रागावले होते का दुखावले होते, अजूनही सांगता येत नाही. रूममेट दोन कॉफ्या आणि उरलेला सिनॅमन ब्रेड घेऊन आली. थंडगार झाला होता, लोणी गोठलेलं. तो तसाच खाल्ला आणि आम्ही निघालो. नॅशव्हिल अजून दीड तास लांब होतं.